ऐंशी किलो

आमच्या पात्रांवाने पहिला लोडसेल काढला
तो मासळीच्या काट्यातून.
मडगावच्या बाजारातला मोडका काटा, दीडशे रुपयांना,
आत अजून बांगड्यांचा वास.
म्हणाला, सुरमईचं वजन कळतं याला,
माझ्या पायाचंही कळेल.

मी तेव्हा कुंडईच्या शेडमध्ये नवा.
त्याआधी सोळा वर्षं बार्जींची बुडं वेल्ड केली.
खाणी थांबल्या, बार्जी चिखलात बसल्या,
तसा मीही बसलो थोडे दिवस.
मग हा कोणी ऑर्लांद कार्दोज जाहिरात देतो :
फिटर पाहिजे. गाडी चालवता आली नाही तरी चालेल.
मला येत नाही. अजूनही येत नाही.

आम्ही काय बनवतो ते बायकोला सांगताना
दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.
खुर्ची आहे, स्टिअरिंग आहे, तीन पेडल,
समोर पडदा. चाकं नाहीत.
"मग जाते कुठे?"
हेच मी दुसऱ्या दिवशी पात्रांवाला विचारलं.
तो हसला नाही.

त्याच्या पपाचे दोन टिपर होते सावर्ड्याला.
पैसे खेपेवर. जो धक्क्यावर आधी पोचेल
त्याचा माल आधी उतरे.
नऊ वर्षांचा पोरगा केबिनमध्ये,
इंजिनच्या तापल्या झाकणावर गोणपाट टाकून.
तांबड्या धुळीत पुढच्याचा फक्त ब्रेकलाइट दिसे,
हा मोजायचा : त्याने केव्हा दाबला, पपाने केव्हा.
पुढे रॅली केल्या, कोइमतूरला गेला, एक कुळागर विकलं,
गाडी दोनदा उलटवली. कप एकच,
त्यात आम्ही आठ नंबरचे नट ठेवतो.
पण मी सांगतो, शर्यत त्याला त्या केबिनमध्येच लागली,
धुळीच्या खोकल्यासारखी.

म्हणून आमचा ब्रेक असा.
दाबून बघा. बोटभर सरकतो
आणि मग भिंत. ऐंशी किलोची.
पाय हलत नाही, नुसता जोर वाढतो,
त्या जोरातच गाडीशी बोलायचं, म्हणतो तो.
रबराचे बुश एकोणतीस तऱ्हेचे करून झाले.
तिसावा माझ्या व्हाइसमध्ये आहे.

चतुर्थीआधी कळंगुटचा एक गेमिंग पार्लरवाला आला.
चाळीस सेट. आगाऊ रक्कम खिशात.
अट एवढीच, ब्रेक मऊ करा :
पर्यटक बीअर पिऊन येतात, चपला घालून बसतात,
पाय दुखला म्हणून पैसे परत मागतात.
हिशेब बघणाऱ्या रेशलने
कॅल्क्युलेटर पालथा ठेवला.
पात्रांव म्हणाला, ना.

पगार अकरा दिवस उशिरा.
माटोळीचं सामान मी उधारीवर आणलं
आणि मनातल्या मनात त्याला अशा शिव्या दिल्या
ज्या आम्ही बार्जीवरसुद्धा राखून वापरायचो.

पगाराच्या दिवशी त्याने मला खुर्चीत बसवलं.
पडद्यावर सावर्ड्याची वाट,
त्याने रात्री जागून स्वतः आखलेली :
तांबडी, उतरती, दोन्हीकडे काजू,
पुढे एका टिपरची पाठ.
उतारावर पाय ठेवला. आधी तो नुसता बुडाला,
चिखलात बुडावा तसा, खालपर्यंत.
टिपर वळला. मी सरळ काजूत.
शेडमध्ये कसलाच आवाज झाला नाही.
त्याने वाकून खालचा बुश बदलला, आमचा नेहमीचा घातला,
आणि पेडलकडे बघतच म्हणाला,
"पपाचो ब्रेक मोव आसलो."
मी पुढचं विचारलं नाही.
दुसऱ्यांदा दाबला, माझे बासष्ट किलो सगळे घालून.
कमीच पडले. पण वळलो.

संध्याकाळी बसमध्ये दाराजवळची सीट मिळाली.
भोमच्या वळणाआधी माझा उजवा पाय
आपसूक पत्र्यावर रुतला.
शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून घेतली.
ड्रायव्हरने दाबला, माझ्यानंतर.
उशीर केला त्याने.
साधारण चार मीटर.